हिरव्या दाराआड

मित्रांनो, मी पांढऱ्या-तांबड्या चट्ट्यांची एक जुनी घोडी आहे. मी जन्मले तेव्हा आमची निगा राखणारे मोतद्दारकाका मला बघून म्हणाले होते, "हिला रंगवता रंगवता देवाला कुणीतरी हाक मारली वाटतं!" तेव्हापासून माझं नाव पडलं 'अर्धवट'.

बारा वर्षं मी मुलांना घोडेस्वारी शिकवली. भित्र्या मुलाला आधी माझ्याच पाठीवर बसवत. पुढे गुडघे धरले आणि माझी रवानगी पागेच्या मागच्या खोलीत झाली. साखर भरवणारे हात हळूहळू दिसेनासे झाले. तिथेच उतारवयात मला शिंगरू झालं, माझ्यासारखंच चट्ट्यांचं.

ते महिन्याचं असताना पागेला रंग द्यायचं ठरलं.

"घोडीला बाहेर काढता का?" रंगाऱ्याने विचारलं.

"कशाला? गरीब गाय आहे ती," काका म्हणाले.

रंगाऱ्याने आमच्या खोलीच्या दाराला आतून-बाहेरून हिरवा तैलरंग फासला, ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून दार-खिडकी लावली आणि तो नि काका दोघं जेवायला गेले.

वास नाकात झोंबू लागला. डोळ्यांतून पाणी आलं, डोकं गरगरलं. एवढ्यात बघते तर काय, शिंगरू दार चाटतंय! मी मानेने ढकललं. त्याला वाटलं, आई खेळतेय. ते माझ्या पोटाखालून पलीकडे गेलं आणि पुन्हा चाटू लागलं. मग त्याला ठसका लागला. तोंडातून हिरवी लाळ गळू लागली.

जन्मात कधी लाथ न मारलेली मी भिंतीवर लाथा झाडू लागले.

"अर्धवटला आज काय झालंय?" बाहेरून कुणीतरी म्हणालं आणि निघून गेलं.

खुरातून रक्त आलं, तरी मी थांबले नाही. शेवटी काकांची सून धावत आली.

"अगं बाई! याचं तोंड हिरवं कशानं झालं?"

ओल्या रंगाची पर्वा न करता तिने दार ढकललं, आम्हा दोघांना मोकळ्या हवेत नेलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"मिठाचं पाणी पाजू? ओकून टाकेल," तेवढ्यात धावत आलेल्या काकांनी विचारलं.

"नको, मामंजी! घोड्याला ओकता येत नाही, म्हणतात त्या. तोंडात काही ओतायचं नाही. डब्यावर काय लिहिलंय तेवढं वाचा."

ते ऐकून मी शिंगराच्या पोटाशी नाक नेलं. पोटात गेलेलं आता बाहेर येणारच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या त्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, छाती तपासली, औषध दिलं. "उद्यापर्यंत काही सांगता येत नाही," एवढंच बोलल्या. मी त्याचा एकेक श्वास मोजत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने माझ्या कासेला तोंड लावलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"चुकलो गं," काका माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाले. उरलेला रंग त्यांनी आम्हाला मैदानात बांधून, खिडक्या सताड उघडून दिला. वास पार जाईपर्यंत आम्हाला आत नेलं नाही. तरी कुंचल्याची सळसळ ऐकली की मी अजून थरथरते.

मित्रांनो, रंग जरूर द्या. पण आधी आम्हाला बाहेर काढा, डबे झाकून ठेवा. आणि एखादं शांत जनावर लाथा झाडू लागलं, तर त्याला वेडं म्हणण्याआधी दार उघडून आत बघा.