कोपरे कापलेली कार्डे

मित्रांनो, एदेल्मिराबाई गेल्या, त्याच्या पाचव्या दिवशी आमच्या रिवाजाप्रमाणे त्यांचे कपडे नदीवर धुवायला नेले. कपडे दगडांवर वाळत होते, तेव्हा घरी माझे झाकण उघडले गेले. मी अक्रोडाच्या लाकडाची जुनी पेटी. माझ्यात तीनशे साठ कार्डे आहेत आणि प्रत्येक कार्डावर एक लोककथा आहे.

बाईंची विद्यार्थिनी योव्हाना आता त्यांच्याच जागी विद्यापीठात शिकवते. ती मला न्यायला आली होती. तिच्याबरोबर वरच्या गावातली रुफिना होती. रुफिनाच्या आईने, नेमेसियाने, फार वर्षांपूर्वी बाईंना तळ्याची गोष्ट सांगितली होती. पुढे नेमेसियाला घरातून पकडून नेले, ती परतली नाही. तिचा एकही फोटो नाही. रुफिनाला आईचे कार्ड हवे होते.

योव्हानाने पाच-सहा कार्डे काढली आणि ती थांबली. "मिस्त्री, यांचे वरचे कोपरे कुठंयत?"

फाउस्तो मिस्त्री म्हणजे बाईंचे यजमान. ते म्हणाले, "जाळले. पण तिनं नावांची यादी पुन्हा केली असेल. इथंच असणार कुठंतरी."

त्यांनी सगळे घर उलथेपालथे केले, गादी उसवली. यादी नव्हती. नावे फक्त बाईंच्या डोक्यात होती.

मला मिस्त्रींनीच बनवले, लग्नाच्या आधी. बाई तेव्हा आमच्या डोंगराळ वामांगा शहरात नुकत्याच लॅटिन शिकवू लागल्या होत्या. पेटी तयार झाली तरी मिस्त्री तीन वेळा "अजून रंग वाळायचाय" म्हणाले, म्हणजे बाई पुन्हा विचारायला येतील. रंग त्यांनी दिलाच नव्हता.

सकाळी लॅटिन आणि दुपारी केचुआ या आमच्या डोंगरी भाषेतल्या कथा, असा बाईंचा दिवस असे. मी त्यांच्या टेबलावर असे. एकदा एका मुलाने विचारले, "बाई, लॅटिन बोलणारे सगळे मेले. आता आमच्या चुका काढणार कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. "आणि मी काही एवढ्यात मरत नाही." वर्ग हसला. राजधानी लीमाहून आलेले पाहुणे माझ्या झाकणावरून हात फिरवत आणि कार्डांचे कौतुक करत.

सुट्टीत दोघे गावोगाव जात. बाई चुलीपाशी बसून गोष्ट लिहून घेत. तेवढ्यात मिस्त्री त्या घरातले एखादे दार किंवा बाक दुरुस्त करून देत. गोष्टीच्या बदल्यात तेवढे करायचेच, असा दोघांचा नियम होता. प्रत्येक कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि पुलानंतर कुठे वळले की घर लागते, ते लिहिलेले असे. कोपरा रिकामा ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला बाई सरळ नापास करत.

मग भीतीची वर्षे आली. एका बाजूला सैनिक, दुसऱ्या बाजूला डोंगरातली हत्यारबंद माणसे. कोण कोणाशी बोलतो, हे दोन्ही बाजूंना जाणून घ्यायचे होते. शेजारच्या गल्लीत एका मास्तरांच्या घरात हजेरीची वही सापडली. त्या वहीतल्या मुलांच्या बापांना एकेक करून बोलावणे आले. ते ऐकले आणि माझी मलाच भीती वाटली. माझ्यात तीनशे साठ घरांची वाट लिहिलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कात्री घेतली. कोपरे चुलीत टाकत मिस्त्रींनी विचारले, "मग कुणाची गोष्ट कुठली, ते कसं कळायचं?"

"माझ्या डोक्यात आहे. त्याची झडती नाही घेता येत."

"आणि डोकंच गेलं तर?"

"तू आहेस ना नवं करून द्यायला."

दोघेही हसले नाहीत.

आठवड्याभरात दार वाजले. एका सैनिकाने मला उपडे केले. माझी बिजागरी तुटली. त्याने कोल्ह्याचे एक कार्ड वाचले आणि मुलांच्या गोष्टी म्हणून फेकून दिले. सैनिक निघून गेले तरी माझी भीती गेली नाही. बाईंचीही नाही. पुढे दिवस निवळले. बाई दर सुट्टीत नावे लिहायला बसत. पण बाहेर एखादा ट्रक थांबला की लेखणी ठेवून माझ्यावर शाल टाकत. अशा वीस सुट्ट्या गेल्या. मग दोन दिवसांचा ताप आला आणि त्यात बाई गेल्या.

योव्हानाने मला अजून नेलेले नाही. ती इथेच येऊन गोष्टी वाचते आणि मिस्त्री डोळे मिटून ऐकतात. "थांब. इथं मी कडी बसवत होतो. म्हातारा बहिरा होता, गोष्ट ओरडून सांगत होता." अशी अठ्ठेचाळीस नावे परत आली.

रुफिना पुन्हा आली तेव्हा मिस्त्रींनी विचारले, "तुमच्याकडं मी काय दुरुस्त केलं गं?"

"काही नाही, काका. आमच्या दाराला फळीच नव्हती. घोंगडी टांगलेली असायची."

दुरुस्तीच नाही, म्हणून मिस्त्रींना ते घर आठवेना. तळ्याखाली बुडालेल्या गावाची गोष्ट सात जणांनी सांगितली होती, म्हणून ती सात कार्डांवर आहे. योव्हानाने सातही वाचली. रुफिनाने ती तीनदा वाचून घेतली.

"मला सातही आईचीच वाटतात," ती म्हणाली.

योव्हाना हळूच म्हणाली, "मिस्त्री, एकावर लिहूया का नाव?"

"नको. चुकलं, तर दुसऱ्या कुणाची तरी आई पुसली जाईल."

मित्रांनो, मिस्त्रींना आता एकोणऐंशीवे वर्ष आहे. ते खोकले की माझ्या फळ्या आखडतात. तुमच्याकडे कुणी गोष्ट सांगत असेल, तर ती कुणाची, हे निदान दोघांना तरी ठाऊक असू द्या. भीती ओसरू लागली की लगेच लिहून टाका. ती पूर्ण सरेल म्हणून थांबू नका.

तीनशे बारा कार्डांना अजून नाव नाही. तळ्याची सात कार्डे पुढे, वेगळी ठेवली आहेत. नेमेसियाचे नाव त्यांतल्या एकावरही लिहिलेले नाही.