सुपारीच्या नवरदेवाची मिशी

कुमुदआत्याचा फोन आला की मी आधी घोटभर पाणी पिऊन घेते, कारण तिचं बोलणं लवकर संपत नाही. आत्या आणि तिच्या हाताखालच्या पाच बायका मिळून रुखवत बनवून देतात. रायपुरातल्या मराठी घरात लग्न ठरलं की पहिला फोन आत्याला, असे दिवस मी पाहिले आहेत. या वेळी मात्र तिचं बोलणं दोन मिनिटांत आटोपलं.

"गंधाली, बीरगांवची एक बाई म्हणे, तुमची साइट उघडतच नाही, म्हणून आम्ही नागपूरहून रुखवत मागवलं. अशा किती गेल्या असतील, काय माहीत. मी बायांले सांगून टाकलं, तुळशीच्या लग्नापर्यंत काम करा, मग बंद करू."

साइट दोन वर्षांपूर्वी मीच बांधून दिली होती. फोटो कसे चढवायचे ते आत्याला शिकवलं आणि मी मोकळी झाले. नंतर एकदाही उघडून पाहिली नाही. लोकांच्या साइटी दुरुस्त करण्यावर माझं पोट चालतं, हे इथे सांगायला लाज वाटते.

रविवारी पुरानी बस्तीत आत्याच्या घरी गेले. आत्याने आपला फोन पुढे केला, साइट चटकन उघडली.

"पाह्य, उघडते की नाही?"

"तुझ्या फोनने हे फोटो शंभरदा पाहून साठवून ठेवलेत, आत्या. शिवाय घरात वायफाय आहे. थांब."

मी माझ्या फोनवर, साध्या नेटवर उघडली. चहा आला, त्यावर साय धरली, तरी नुसतं पांढरं पान. शेवटी लॅपटॉप काढून आतून पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. पहिल्याच पानावर शहाऐंशी फोटो, कॅमेऱ्यातून निघाले तसेच्या तसे, एकेक आठ-नऊ एमबीचा. वर सनईचा व्हिडिओ, आपोआप सुरू होणारा.

"सगळे एकाच पानावर काहून टाकले?"

"मग काय करू? रुखवत मांडताना आपण कोणाची वस्तू मागं ठेवतो का? मामीची मागं गेली तर मामी रुसते. आपल्यातल्या शेवंताची दुसऱ्या पानावर गेली तर शेवंता रुसणार नाही?"

मांडवात मीही असे रुसवे काढले आहेत.

"बरं, कोणी मागे नको. पण फोटो बारीक करते."

"बिलकुल नाही." आत्याने लॅपटॉपवर हातच ठेवला. "अंजनाबाईनं सुपारीची वरात केली आहे. नवरदेवाच्या सुपारीले काळ्या दोऱ्याची मिशी लावली. फोटो बारीक केला तर मिशी दिसन का? तिची मेहनत आहे ते."

मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. फोनच्या पडद्यावर एवढा मोठा फोटो मावतच नाही, मिशी कुठे जात नाही, हे तीन तऱ्हांनी सांगितलं. आत्या हात काढायला तयार नव्हती.

तेवढ्यात अंजनाबाईच आल्या, गुढ़ियारीहून, खारकांची पालखी खोक्यात घालून. मी त्यांनाच विचारलं, "साइटवर तुमची वरात कशी दिसते?"

"हव दीदी, बढिया दिसते."

"दाखवा बरं तुमच्या फोनवर."

त्यांनी फोन काढला. काचेला कोपऱ्यात तडा होता. त्यांनी दुवा दाबला आणि फोन माझ्या हातात न देता स्वतःच बघत उभ्या राहिल्या. पांढऱ्या पानावर एक गोल फिरत राहिला. आम्ही तिघी तो बघत होतो.

"एवढंच दिसते मले," अंजनाबाई हळूच म्हणाल्या. "दोन साल झाले. ताईनं एवढ्या हौसेनं लावलं, त्यायले वाईट वाटन म्हणून बोलली नाही."

आत्याने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. तिचा चेहरा मला बघवला नाही. जिने लावलेल्या मिशीसाठी ती भांडत होती, तिनेच ती वरात साइटवर कधी पाहिली नव्हती.

"कर बारीक," ती म्हणाली.

मग मी कामाला लागले. नऊ एमबीचा फोटो शंभर केबीच्या आत बसवला. फोटो सगळे पहिल्याच पानावर ठेवले, फक्त अंगठा सरकेल तसा पुढचा उघडेल असं केलं. कोणी मागे गेलं नाही, सगळे आपापल्या वेळेला येणार होते, हे आत्याला लगेच पटलं. सनईच्या जागी एक चित्र ठेवलं. ज्याला ऐकायची त्याने दाबावं.

अंजनाबाईंनी पुन्हा दुवा दाबला. मी मनात तीनपर्यंत मोजलं असेल नसेल, शेवंताचं तोरण आलं. त्यांनी अंगठा सरकवला. दिवे आले, साखरेची तुळस आली, आणि मग वरात आली. खाली लिहिलं होतं, अंजनाबाई, गुढ़ियारी. त्यांनी ते नाव दोनदा वाचलं, ओठ हलवत. माझे डोळे भरून आले, आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मिशी स्वच्छ दिसत होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग कपाळाला आठी पडली.

"ताई, ही तर तिरपी लागली आहे."

आत्याने नजर पालखीच्या खोक्याकडे वळवली.

"तुमच्या फोनवर तर दोन साल दिसून राहिली असन. बोलल्या काहून नाही?"

"तुले वाईट वाटन म्हणून," आत्या म्हणाली.

आधी अंजनाबाई हसल्या, मग आत्या, आणि हसता हसता आत्याने डोळ्यांना पदर लावला.

"नवी वरात कर," ती म्हणाली. "सरळ मिशीची. गंधाली नवा फोटो लावून देईल."

"पण ताई, तुळशीच्या लग्नापर्यंत होणार नाही ती. लई बारीक काम आहे."

"मग नंतर दे," आत्या म्हणाली, आणि पालखीचं खोकं उघडायला बसली.