दोऱ्याचं घर

बांधकामवाल्याने आमच्या घराला हात लावायच्या आधी मी नवं स्वयंपाकघर आणि बाथरूम मागच्या अंगणात पांढऱ्या दोऱ्याने आखलं. कागदावर काय, सगळंच बसतं. चालून बघायला हवं, एवढी अक्कल मला होती.

आमच्या दाम्यांग गावातलं सकाळचं धुकं अजून विरलं नव्हतं. दोरा मधेच नाहीसा व्हायचा, पुन्हा उमटायचा. मी चपला फटफटवत त्या नसलेल्या घरात हिंडत होते.

"सूनबाई, आत येऊ का?"

सासरे दाराच्या जागी उभे होते. त्यांनी जोडे काढून दोऱ्याबाहेर नीट ठेवले आणि मोज्यांनीच दवात पाऊल टाकलं.

"बाबा, मोजे भिजतील!" माझा नवरा इनप्यो हसला. "घर अजून हवेत आहे."

"म्हणून काय जोड्यांनी घुसू?"

स्वयंपाकघर ओलांडून ते बाथरूमच्या दोऱ्यापाशी थांबले आणि त्यांनी हवेतच टकटक केलं.

एवढं खपून आखलं, आणि यांना थट्टा सुचते! "आत कोण असणार?" मी फणकारले.

"तुझी सासू."

दोऱ्याच्या आत सोयासॉसचे रांजण होते. सॉस मुरायला ऊन लागतं, आणि अंगणात दिवसभर ऊन मिळणारी तेवढीच जागा. रांजण काय, कुठेही सरकवू, असं मी धरून चालले होते. सासूबाईंनी वारण्याआधी घातलेला सॉस अजून त्यांत मुरत होता. सासऱ्यांनी रोजच्यासारखं एकेक झाकण उघडलं. धुक्यात तो खारट, गडद वास पसरला.

मी चपला काढल्या आणि बाथरूमचा दोरा सोडवायला आत गेले.