देशाच्या हवाली

समुद्रापलीकडच्या बोलोन्याचा गिदोत्तो लोकर विकत घ्यायला आमच्या लिंकन गावी आला आणि माझ्या शेजारीच राहिला. मी हॅमो, मेणबत्त्या करतो. नऊ वर्षं आम्ही एका बाकावर बसून बिअर प्यायलो आणि नऊ वर्षं एकाच गोष्टीवरून भांडलो.

"आमचा न्यायाधीश परगावचा," तो म्हणे. "सहा महिन्यांपुरता आणतात. गावात त्याचा ना सोयरा, ना वैरी. तुम्ही मात्र बारा शेजारी गोळा करता. लेका, शेजाऱ्याइतकं खुनशी कोणी असतं का?"

"तुमचा तो परगावचा साहेब दोरीला टांगून कबुली काढतो," मी ऐकवायचो. "आमच्याकडे कबुलीसाठी कोणाला बोट लावत नाहीत."

"पण कबुलीशिवाय फाशीही देत नाहीत. तोंड मिटून दोरी सोसली की सुटला."

त्या वसंतात राजाची माणसं बाजारातून धान्य उचलायला आली आणि लोकांनी केलेल्या दगडफेकीत त्यातला एक जण मेला. आदल्याच दिवशी गिदोत्तो आमच्या बाकावर बडबडला होता, "असल्या राजाला आम्ही वेशीबाहेर काढला असता." तेच त्याला भोवलं. चिथावणीचा आरोप आला, म्हणजे फाशीच.

मी तुरुंगात पाव आणि चीज घेऊन गेलो. "राजाबद्दल आता चकार शब्द काढू नकोस," मी म्हणालो. "तोंड शिवून बस. बाकीचं मी बघतो."

इतका बडबड्या माणूस, पण मुकाट मान डोलावली. मला माझंच कौतुक वाटलं.

बारा पंचांत माझं नाव निघालं. मी बाकीच्या अकरा जणांच्या दारी गेलो. खोगीरवाला राल्फ सगळ्यांत हट्टी, तोही शेवटी म्हणाला, "बरं बाबा, बोलण्यानं काही दगड उडत नाहीत." अकराही जण त्याला निर्दोष ठरवायला कबूल झाले.

कचेरीत न्यायाधीशांनी विचारलं, "तुझा न्याय कोणी करावा?"

आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, "देशानं." देश म्हणजे आम्ही बारा. आरोपीनं तो शब्द उच्चारल्याशिवाय पंचांना निकाल देता येत नाही. हे मी गिदोत्तोला सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना ठाऊक असलेलं कोण सांगत बसतो?

गिदोत्तो गप्प. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. मग माझ्याकडे बघून किंचित हसला. मी नुसते ओठ हलवून "देश" म्हटलं. त्यानं ओठ आणखी घट्ट मिटले, सांगितलेलं लक्षात आहे हे दाखवायला.

न्यायाधीश चिडले नाहीत. "याला आडवा करून छातीवर दगड ठेवा," ते कंटाळून म्हणाले. "रोज थोडे वाढवा. बोलला की आणा. भेटायला कोणाला सोडू नका."

"आपल्यात छळ नाही ना करत?" राल्फ कुजबुजला.

"कबुलीसाठी नाही," मी म्हणालो. माझी मलाच शरम वाटली.

त्याला पंचांच्या बाकासमोरून नेताना मी उठून ओरडलो, "बोल रे, बोल!" पुढचा शब्द निघण्याआधी शिपायानं माझ्या तोंडावर हात दाबला.

गिदोत्तोनं मला डोळा मारला. त्याच्या गावी दोरी ओढणारेही हेच ओरडत असणार.

"घाबरू नकोस, हॅमो," तो हळूच म्हणाला. "सोसायला मी पक्का आहे."

पक्का आहेच तो. नऊ वर्षं मी त्याला ओळखतो.