चाळिसावी बाई

रूपालीच्या एकोणचाळीस बायका झाल्या होत्या. चाळिसावी ऐन वेळी लेकीच्या बाळंतपणाला संकेश्वरला निघून गेली. पोटातलं पोर काही कुणाच्या प्रबंधाची तारीख विचारून बाहेर येत नाही.

रूपाली निपाणीच्या सरकारी दवाखान्यात नर्स. चौदा वर्षं नोकरी झाल्यावर तिनं बेळगावात पुढचं शिक्षण धरलं होतं, आरोग्य आणि समाजकार्याचं, नोकरीवाल्यांसाठी शनिवार-रविवार वर्ग असलेलं. घरी विड्या वळणाऱ्या चाळीस बायकांच्या तब्येतीची पाहणी हा तिचा विषय. आज गुरुवार, आणि शनिवारी दुपारी सगळं सरांपुढं मांडायचं.

विड्या वळणारी बाई घरातही एक होती. मालुबाई, तिची सासू. वर्गात शिकवलं होतं की घरच्या माणसाला घ्यायचं नाही. पण शिकवणारे बेळगावात होते, आणि मालुबाई समोर, मांडीवर सूप घेऊन पानं कातरत बसलेली.

"आत्ती, दहा मिनटं द्या. चार प्रश्न इचारते."

"इचार की. हात कुठं थांबत्यात माझं?"

"आधी संमतीपत्र वाचून दाखवायला लागतंय."

"वाच. समदं वाच. सासू म्हणून गाळू नको."

रूपालीनं वाचलं. तुम्ही दिलेली माहिती गुप्त राहील, या ओळीवर मालुबाईची कात्री थांबली.

"गुप्त म्हंजे? माझ्या म्हाद्याला बी न्हाय?"

"त्येंना न्हाय, कुणालाच न्हाय."

"आन तुझ्या सरास्नी?"

"त्येंना निस्ता नंबर. नाव न्हाय."

"आण हिकडं." मालुबाईनं तंबाखूचे हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर कोरत सही केली. लेकाच्या लग्नाच्या कागदावरसुद्धा तिनं एवढा वेळ घेतला नव्हता.

पाठ धरते का? धरती. खोकला? कुणाला न्हाय? डोळे? सुईत दोरा तूच ओवतीस की. रूपाली भराभर खुणा करत गेली. शेवटचा प्रश्न तिनं कागदावरून नजरही न उचलता विचारला. "आणखी काही त्रास?"

"गाठ हाय."

"कुठं?"

मालुबाईनं हातातल्या विडीनं छातीची डावी बाजू दाखवली आणि मग तीच विडी दोऱ्यानं बांधून सुपात टाकली. "गौरी-गणपतीपास्नं हाय. सुपारीएवढी हुती. आता लिंबाएवढी."

शिमगा तोंडावर आला होता. रूपालीनं मनात महिने मोजले. रोज गावच्या बायकांना हे बघा, ते दाखवा म्हणून सांगणारी ती. आणि तिच्याच घरात, तिच्याच हातचं जेवून, ही बाई सहा महिने गप्प होती.

"बोलला न्हाईत आत्ती?"

"रुक्मी बोलली हुती." रुक्माबाई मालुबाईची थोरली बहीण. "बोलली, गाठ काढली, चार म्हयन्यात गेली. लिवलंस?"

"लिवलं."

"मग झालं. सही हाय माझी. कागदाभाईर न्हेऊ नको." आणि ती भात टाकायला उठली.

त्या रात्री रूपालीचा नवरा महादेव जेवताना म्हणाला, "काय गं, मीठच न्हाय आज आमटीत." रूपालीनं सासूकडं बघितलं. सासू पापड मोडत होती. नवऱ्याला सांगितलं तर तो आईला उचलून गाडीत घालेल, ती पुन्हा जन्मात काही सांगणार नाही. नाही सांगितलं तर लिंबाचं काय होईल, हे नर्सला कुणी शिकवायला नको होतं.

शुक्रवारी दवाखान्यातूनच तिनं बेळगावला राघवेंद्र सरांना फोन लावला. मनात एकच होतं, सर म्हणतील, सांगून टाका.

सर आधी चिडले. "घरची बाई घेतलीत? तो कागद बाद. एकोणचाळीसवर समिती काय म्हणेल, मी सांगू शकत नाही."

"आणि सर, ती गाठ?"

सरांचा आवाज उतरला. "कागद बाद झाला तरी शब्द बाद होत नाही, मॅडम. पण गप्प बसू नका. त्यांच्याच मागं लागा."

संध्याकाळी रूपाली चपला काढायच्या आधीच सासूसमोर बसली.

"आत्ती, तुमचा कागद बाद झाला. घरच्या माणसाला घ्यायचं नसतंय. चूक माझी."

"बाद?" मालुबाई भडकली. "एवढी सही केली ती? मग तुला पास करतील न्हवं?"

"काय की."

मालुबाईनं हातातल्या विडीला दोरा गुंडाळला. मग म्हणाली, "आन गाठ? ती बी बाद झाली?"

"न्हाय ओ आत्ती. ती हाय." आणि रूपाली रडायला लागली. चौदा वर्षांत पेशंटपुढं न रडलेली बाई.

"आता हे काय! आजारी कोण हाय हितं?"

"उद्या सकाळी माझ्यासंगट चला. बेळगावात मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवू, मग मी वर्गाला जाते. तुमच्या लेकाला मी काय बोललेली न्हाय, बोलणार बी न्हाय."

"कापतील?"

खोटं बोलणं सोपं होतं. "मला म्हाईत न्हाय," रूपाली म्हणाली.

"रुक्मीला समद्यांनी कापणार न्हाईत म्हणून सांगितलंतं," मालुबाई म्हणाली, आणि सूप बाजूला सारलं.

शनिवारी महादेवनं दोघींना मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं. आई सुनेचं कॉलेज बघायला निघाली, याचं त्याला भारी कौतुक. "आई, तू बी ॲडमिशन घे!" म्हणत तो खिडकीखाली हसत उभा राहिला. रूपालीला त्याच्याकडं बघवेना.

बेल झाली. बस हलली, तशी मालुबाईनं काच मागं ढकलली आणि मुंडकं बाहेर काढून ओरडली, "म्हाद्या, दवाखान्यात चाललोय रं! गाठ हाय मला, छातीत! हिच्यावर रागवायचं न्हाय, म्याच गप ऱ्हा म्हटलंतं!"

महादेवचं हसू तसंच राहिलं. मग तो बसबरोबर धावायला लागला, काहीतरी ओरडत, पण ड्रायव्हरनं हायवेकडं वळण घेतलं होतं.

मालुबाईनं काच लावली. हात पदरात घातले. रूपालीच्या पर्समधला फोन वाजायला लागला.

"उचल," मालुबाई समोर बघत म्हणाली. "आता बोल काय बोलायचं ते."