न उमटलेली सूचना

“ही नकाशाची शीट साइटवर कुणी पाठवली?” साहेबांनी विचारलं, तेव्हा पोरीने शाळेतल्यासारखा हात वर केला.

ऑफिसात तिला सगळे पोरगीच म्हणत. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या ड्राफ्ट्समनना मास्तर म्हणत, कारण तिथल्या निम्म्या लोकांना नकाशा काढायला त्यांनीच शिकवलं होतं. तीस वर्षांत त्यांचं एक माप चुकलं नव्हतं.

“वरचा अख्खा मजला मधल्या भिंतीवर आहे. ही भिंत पाडू नका, असं लिहिलेलं कुठंय यावर? एक अक्षर नाही! गवंड्याने अर्धी भिंत उतरवली आणि छत त्याच्या पायावर आलं. पाय राहतो की जातो, डॉक्टरांनाही सांगता येत नाहीये.”

मास्तरांनी लांबूनच कागद पाहिला आणि त्यांना सोमवार आठवला.

सोमवारी त्या दुरुस्तीला काढलेल्या घराचे मालक नकाशा बघायला आले होते. आकडेबिकडे नकोत, नुसत्या खोल्या दिसू देत, म्हणाले. सॉफ्टवेअरमध्ये मापं, सूचना, दारांचे नंबर अशी यादी असते आणि त्या सगळ्यांवर एकच टिक. मास्तरांनी ती काढली. पुसलं काहीच जात नाही, फक्त दिसेनासं होतं. पण त्यांनी ती काढली सगळ्या मजल्यांना मिळून असलेल्या सेटिंगमध्ये, त्यामुळे एका नकाशाऐवजी सगळेच मुके झाले. मालक गेल्यावर परत लावू, असं मास्तर मनाशी म्हणाले, जेवायला गेले आणि विसरले. पूर्वी शाईची रेघ ब्लेडने खरवडली तरी कागदावर ओरखडा राहायचा. इथे काहीच राहिलं नव्हतं.

“माझंच चुकलं, सर,” पोरगी म्हणाली. “मी उघडून बघितलीच नाही.”

का बघितली नाही, ते तिने सांगितलं नाही. मास्तरांची शीट डोळे झाकून पाठवायची, असं ऑफिसात सगळेच म्हणत, आणि मास्तरांना ते ऐकायला फार आवडायचं.

त्या दिवशी ते बोलले नाहीत. सगळे चहाला गेल्यावर त्यांनी गुपचूप टिक परत लावली आणि उद्या सांगू, असं मनाशी म्हणाले. दुसऱ्या दिवशीही त्यांची जीभ रेटली नाही. निवृत्तीला दोन महिने राहिले होते आणि त्यांना निष्कलंक जायचं होतं.

“ताटात काय शोधताय? जेवा की,” घरी बायको म्हणाली.

“ऑफिसात एका पोरीला कामावरून काढतायत.”

“तिची चूक आहे का?”

मास्तर पाणी प्यायले.

तिसऱ्या दिवशी पोरीला काढण्याचं पत्र टाईप झाल्याचं कळलं, तसे ते केबिनमध्ये शिरले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले.

“दोन महिन्यांसाठी कशाला अंगावर घेताय, मास्तर?” साहेब म्हणाले.

“अंगावर घेत नाहीये. माझंच आहे ते.”

साहेबांनी पत्र फाडलं. “उद्यापासून कॉम्प्युटरला हात लावू नका,” ते मास्तरांकडे न बघता म्हणाले.

बाहेर येऊन मास्तरांनी पोरीला सांगितलं. खरं तर ती रडेल, आभार मानेल, असं त्यांना वाटलं होतं.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“हो.”

“मी रोज हॉस्पिटलात जाते, मास्तर. त्याच्या बायकोचा हात धरून माफी मागते. काल त्याला पाणी द्यायला गेले, तर त्याने तोंड फिरवलं. मला झोप नाही. माझ्यामुळे एका माणसाचा पाय जाणार, हेच डोक्यात.” तिचा आवाज चढला. “तीन दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसून होतात!”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं.

“चारला भेटायला सोडतात,” ती खुर्ची वळवत म्हणाली. “आज मी जाणार नाही.”

चारला मास्तर वॉर्डात पोचले. गवंडी डोळे मिटून पडला होता. त्याची बायको उशाशी बसली होती. आपण कोण हे सांगायची वेळ मास्तरांवर बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

“तो नकाशा मी काढला होता,” ते म्हणाले. “ती मुलगी येत होती ना, तिची काही चूक नव्हती.”

बाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. शेजारच्या स्टुलावर तिची पिशवी होती, ती तिने उचलली नाही. भेटायची वेळ संपेपर्यंत मास्तर खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.