अंगठ्याचा आवाज

कार्टूनमधल्या अस्वलाच्या पायाचा अंगठा पडद्यावर अवघे चार सेकंद दिसला, पण तेवढ्यात त्यानं असा काही हाहाकार उडवला की स्टुडिओत तक्रारींची पोती येऊन पडली. कुणाची मुलं तीन दिवस जेवली नाहीत. कुणाच्या आजोबांनी काढून ठेवलेली कवळी पुन्हा तोंडात घालायची नाही असं ठरवलं. एका घरातल्या मांजरानं म्हणे मासे सोडले. एका बाईंनी तर शपथेवर लिहिलं होतं की टीव्हीतून वास आला.

गोष्ट एवढीशी. अस्वलाच्या अंगठ्यात काटा जातो आणि उंदीरडॉक्टर तो चिमट्यानं उपसतो. तो अंगठा ताईनं अकरा दिवस खपून रंगवला होता. आज दुपारी चौकशी समितीपुढे तिलाच उभं करणार होते. मालकांनी आधीच सांगून टाकलं होतं, "समितीनं चित्राला नावं ठेवली, तर उद्यापासून यायचं नाही."

ताईचा धाकटा भाऊ त्याच स्टुडिओत आवाज बनवायचा. खडीचे ट्रे, जुने बूट, बिजागरीसकट उचलून आणलेलं दार अशा पसाऱ्यात तो दिवसभर काहीतरी वाजवत असे, म्हणून सगळे त्याला खुडबुड्या म्हणत. गेले आठ दिवस त्याच्या जिवाला घोर लागला होता. समितीसाठी पत्रं लावायचं काम त्याच्याकडे आलं आणि तो ती वाचू लागला. 'हिरवा पू भळाभळा वाहिला.' 'मांस सुटून लोंबत होतं.' 'आतून काहीतरी वळवळत बाहेर आलं.' ताईच्या चित्रात पू नव्हता, मांस नव्हतं, वळवळणारं तर काहीच नव्हतं. गुलाबी अंगठा, मळकं नख आणि काटा. मग लोकांनी हे सगळं पाहिलं कशानं?

कानांनी. आणि कानांचा कारभार खुडबुड्याकडे होता.

त्या आवाजासाठी त्यानं काय काय नाही करून पाहिलं! ओलं फडकं पिळलं, कुजकी केळी चिरडली, रबरी हातमोज्यात कणीक भरून तो दारावर आपटला. छे! शेवटी एका रविवारी तो ताईकडे जेवायला गेला, आणि समोर भावोजींनी मटणाची नळी तोंडाला लावली. खुडबुड्याच्या खिशात रेकॉर्डर होता. बोटानं आपणहून बटण दाबलं.

आता भावोजी म्हणजे हेडमास्तर. घास बत्तीस वेळा चावावा आणि तोंड मिटून चावावा, हे त्यांनी तीन पिढ्यांच्या डोक्यात भरलं होतं. समितीच्या खोलीत बायकोला धीर द्यायला ते खुडबुड्याशेजारीच बसले होते.

"सारखा काय चुळबुळतोयस रे? मुंग्या चावतायत का?"

"नाही, भावोजी."

"मी तिचा नवरा आहे म्हणून गप्प बसलोय. पण ते चित्र म्हणजे कहर आहे. दोन दिवस मला अन्न गेलं नाही."

खुडबुड्याचा गुडघा आणखी जोरात हलायला लागला. समोर ताई उभी होती, बोटांना रंग लागलेला, ओढणीचं टोक पिळत.

"एवढा पू दाखवायची काय गरज होती?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बाई, त्यात पू नाहीये."

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय!"

मालकांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. खुडबुड्या खुर्ची पाडतच उठला.

"आवाज बंद करून दाखवा. एकदाच."

दाखवलं. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "काटाच आहे की हा," त्या पुटपुटल्या. शेजारचे सभासद हळहळले, "बिचारं अस्वल."

"आता पडदा बंद करा, आणि नुसता आवाज."

काळ्या पडद्यातून आलं: स्सुर्र... चप्... पचाक्... सुळ्ळ! एका सभासदानं तोंडाला रुमाल लावला. मालक खिडकीकडे धावले. भावोजींचा चेहरा दोडक्यासारखा हिरवा झाला.

"बंद करा!" अध्यक्षबाई ओरडल्या. "कुठलं जनावर मारलंत हे?"

"ओ... ओलं फडकं, बाई."

"करून दाखवा."

फडक्यातून तो आवाज सात जन्मांत निघाला नसता. मग हा बहिणीला वाचवायला थापा मारतोय असं झालं असतं, आणि खापर पुन्हा अंगठ्यावर फुटलं असतं. खुडबुड्यानं एकदा ताईकडे पाहिलं, एकदा भावोजींकडे, आणि डोळे मिटून मूळ रेकॉर्डिंग लावलं, काटछाट न केलेलं.

स्सुर्र, चप्, पचाक्, सुळ्ळ. मग एक तृप्त ढेकर. मग साऱ्या गावाला पाठ असलेला खणखणीत आवाज: "अगं, नळी काय झकास झालीये! आण अजून एक. आणि तू रे, तोंड मिटून चाव. शंभरदा सांगितलंय!"

आधी अध्यक्षबाईंना हसू फुटलं, मग सभासदांना, मग मालकांना. सगळ्यात शेवटी ताई हसली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चित्र राहील, ताई राहील, आवाज तेवढा बदला, असं समितीनं हसत हसतच लिहिलं. भावोजींनी छत्री उचलली आणि मागे न बघता निघून गेले.

"संध्याकाळी जेवायला ये," ताई म्हणाली.

"भावोजी मारतील."

"मारलं तर मार खा. पण ये."

जेवताना भावोजी ताटातल्या नळीचं मांस काटाचमच्यानं कोरत होते, इतक्या बेतानं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक खुडबुड्याच्या डोक्यात हातोडीसारखी पडू लागली. गुडघा टेबलाखाली पुन्हा सुरू झाला.

"चुकलो, भावोजी," तो एकदम म्हणाला. "तिची नोकरी जात होती."

भावोजींच्या हातातला काटाचमचा थांबला.

"खा हो नीट," ताई म्हणाली. "इथे समिती नाहीये."

भावोजींनी मेहुण्याकडे रोखून पाहिलं. "खिसा."

खुडबुड्यानं रेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला. भावोजींनी त्यातल्या बॅटऱ्या काढल्या, आपल्या खिशात टाकल्या, वरून दोनदा चाचपल्या. मग काटाचमचा बाजूला सारून दोन्ही हातांनी नळी उचलली.

असा आवाज झाला की शेजारच्यांची खिडकी धाडकन मिटली. पहिल्यापेक्षा दसपट सरस! खुडबुड्याचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

"काय रे," भावोजी हाडाआडून म्हणाले, "परत चुळबुळ?"